वारसावाटणी, गुलामांची (अमेरिकेची दक्षिणी राज्ये)

अमेरिकेच्या दक्षिणी राज्यांत १८६५ पूर्वी शेतमालक मरण पावला की जमिनीबरोबर त्याच्या गुलामांचीही वारसांत वाटणी होई. व्हर्जिनियाने थोरल्या मुलाचा एकट्याचा वारसाहक्क १७८५ च्या कायद्याने मोडला. मृत्युपत्र नसेल तर भावाबहिणींना सारखे वाटे मिळू लागले. वारसांच्या दृष्टीने हा न्याय होता. गुलामांची कुटुंबे मात्र त्यामुळे आणखी वाटली गेली.

न्यायालयाने नेमलेले पंच, बहुधा शेजारचेच जमीनदार, मयताच्या मालमत्तेची यादी करत. नाव, वय, किंमत. त्याच कागदावर पुढे बैल, नांगर, गाद्या. मग वाटे पाडून चिठ्ठ्या टाकत. जमिनीचे तुकडे सारखे पडत नाहीत. माणूस मात्र या वाट्यातून त्या वाट्यात सहज हलवता येई, आणि तरीही फरक राहिला तर तो रोख देऊन मिटवत. कर्ज असेल तर जमिनीआधी जंगम माल विकला जाई, आणि बहुतेक राज्यांत गुलाम जंगमातच धरले जात. आई गुलाम तर मूलही गुलाम, हा व्हर्जिनियाचा १६६२ पासूनचा नियम. त्यामुळे मृत्युपत्रांत बाईबरोबर तिची पुढे जन्मणारी मुलेही देऊन टाकलेली दिसतात.

मेरीलँडमधील ॲरन अँथनी १८२६ मध्ये वारला. वाटणीसाठी गोळा केलेल्या गुलामांत बाल्टिमोरहून परत आणलेला नऊएक वर्षांचा फ्रेडरिक डग्लस, पुढे गुलामगिरीविरोधी लेखक आणि वक्ता म्हणून गाजलेला, होता. घोडे, मेंढ्या, डुकरे आणि माणसे एकाच रांगेत उभी करून किंमत ठरवली गेली, असे त्याने १८४५ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. सगळ्यांना धास्ती होती ती अँथनीच्या दारुड्या मुलाच्या वाट्याला जाण्याची. डग्लस मुलीच्या वाट्याला आला आणि बाल्टिमोरला परतला.

व्हर्जिनियात विधवेला गुलामांचा तिसरा हिस्सा मिळे, पण फक्त हयातीपुरता. तिच्या मागे त्याची पुन्हा वाटणी. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या व्हर्जिनियातील मळ्यावर १७९९ मध्ये ३१७ गुलाम होते. त्यांपैकी त्याचे स्वतःचे १२३, तर १५३ पत्नी मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतले, म्हणजे तिच्या हयातीपुरत्या हिश्श्याचे. मृत्युपत्राने तो फक्त आपल्या गुलामांना मुक्त करू शकला. दोन्ही गटांत लग्ने झालेली होती, म्हणजे एकाच घरात नवरा मोकळा आणि बायको-मुले गुलाम. १८०२ मध्ये मार्था वारल्यावर तिच्या हिश्श्यातले गुलाम तिच्या चार नातवंडांत वाटले गेले.