ॲव्हरेज पडलंय? बॅटरीची तार सोडवण्याआधी एवढं वाचा

चिपळुणात पाऊस धरला की आमच्या गॅरेजमध्ये एक तक्रार रोज येते : "परवापरवापर्यंत सतरा देत होती, आता अकरावर आली." तक्रार खरी असते. पण बऱ्याचदा गाडी आमच्या दारात येते तेव्हा इंजिनचा पिवळा दिवा विझवलेला असतो. कोणीतरी बॅटरीची तार दहा मिनिटं सोडवून ठेवलेली असते, नाहीतर मित्राच्या ब्लूटूथ स्कॅनरवरून बिघाडाचा कोड 'क्लिअर' केलेला असतो. घरफोडी झाल्यावर पोलीस यायच्या आत घर झाडून-पुसून ठेवावं, तसा हा प्रकार आहे.

दिवा लागतो त्या क्षणी गाडीचा कंप्युटर बरंच काही टिपून ठेवतो. इंजिन किती फिरत होतं, पाणी किती गरम होतं, इंजिनवर भार किती होता. शिवाय पेट्रोल नेहमीपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी सोडावं लागतंय, याचाही हिशोब तो चालू ठेवतो. हा आकडा पाच-सात टक्के इकडेतिकडे असला तर आम्ही लक्ष देत नाही. अधिक वीस दिसला की हवा आत घेणाऱ्या इनटेकच्या पाइपाला चीर, पेट्रोलचं प्रेशर कमी, बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर अशा बाजूने शोध सुरू होतो. उणे वीस असेल तर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर गळतोय का ते आधी बघतो. आणि शून्याच्या आसपास असेल तर बहुतेक वेळा इंजिनला हात न लावता आम्ही सरळ चाकांकडे वळतो. पंधरा मिनिटांत दिशा मिळते. कोड पुसला की हे सगळं जातं, तार सोडवली तरी बहुतेक गाड्यांत तेच होतं. मग गाडी चालवून तो हिशोब पुन्हा जमू द्यावा लागतो. त्यात एक-दोन दिवस जातात आणि "अजून झाली नाही का?" हा फोन आम्हालाच येतो.

म्हणून दिवा स्थिर पेटलेला असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर तशीच घेऊन या. दिवा लुकलुकत असेल तर मात्र बाजूला थांबा आणि आम्हाला फोन करा. तेव्हा एखादा सिलिंडर नीट पेटत नसतो. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, आणि त्याची किंमत ऐकून ॲव्हरेजचं दुःख विसराल.

येण्याआधी एक काम मात्र तुम्हीच करायचं. डॅशबोर्डवरचा आकडा हा अंदाज असतो. टाकी पहिल्या ऑटो-कटपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा. नेहमीसारखी गाडी चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. ३७७ किलोमीटर झाले आणि ३१.४ लिटर बसलं तर ॲव्हरेज १२. असं दोनदा केलंत तर आम्हाला हवा तो आकडा मिळतो. कुंभार्ली घाटाची फेरी यात धरू नका. मधल्या काळात मोठ्या मापाचे टायर बसवले असतील तर तेही सांगा, कारण मग मीटरच किलोमीटर कमी दाखवतो.

"इथेनॉलमुळेच झालं ना?" हाही रोजचा प्रश्न. थोडं त्यामुळे होतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच ई-२० मुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, जुन्या धाटणीच्या चारचाकीचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के कमी होईल असा अंदाज दिला होता. म्हणजे सतराचं सोळाच्या आसपास. सतराचं अकरा व्हायला दुसरं काहीतरी बिघडावं लागतं.

इकडच्या पावसात ते दुसरं काहीतरी पुष्कळदा ब्रेक असतं. ब्रेक दाबून धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात, किंवा हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर अंगणात भिजत उभी राहते आणि मागचे ब्रेक पूर्ण सुटत नाहीत. थोडं फिरून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, रिमला लावू नका. एकाच चाकातून भपका येत असेल तर दोष सापडला. टायरमधली हवा तर बघाच. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. एअर फिल्टर मळला म्हणून इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज एवढं पडत नाही, पिकअप पडतो. फिल्टर आम्हीही विकतो, तरी हे सांगतोय.

आता ज्यावरून कुरकुर होते ते. आम्ही गाडी रात्रभर का ठेवून घेतो? थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप. ती उघडीच अडकली की इंजिन पुरेसं तापत नाही आणि कंप्युटर ते थंड समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो. आजकाल कित्येक गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, नुसता निळा दिवा असतो. तो विझला की आपण निर्धास्त. हा दोष धरायला इंजिन पूर्ण गार लागतं. सकाळी स्कॅनर लावून आम्ही सावर्ड्यापर्यंत जाऊन येतो. पाणी ८०-९० अंशांवर जाऊन टिकायला हवं. वेग धरल्यावर ते सत्तरच्या खाली घसरलं की थर्मोस्टॅट बदलायचा. काही गाड्यांत तर तो सापडतच नाही, "गरम होते" म्हणून पूर्वी कोणीतरी काढूनच टाकलेला असतो.

तपासणीचे ५०० रुपये घेतो, काम आमच्याकडे केलंत तर बिलातून वजा. दोष सापडण्याआधी सेन्सर बदलून बघत नाही, आणि काढलेला पार्ट तुमच्या हातात देतो.

येताना शेवटच्या सर्व्हिसचं बिल आणि टाकीचे दोन्ही आकडे आणा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मुंबईच्या गाड्यांनी आवार भरलेलं असतं, रात्रीसाठी जागा मिळत नाही. इथल्या मंडळींनी नारळी पौर्णिमेच्या आत आलात तर बरं.