खानदेशातील अपस्मार : प्रमाण आणि उपचारांची उपलब्धता

मेंदूतील पेशींच्या विद्युत् क्रियेत अचानक गडबड होऊन पुन्हा पुन्हा झटके येण्याच्या विकाराला अपस्मार म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हे नाव डॉक्टर आणि वैद्य सोडले तर फारसे कुणी वापरत नाही. गावात तो फेफरं, मिरगी, आकडी किंवा सरळ ‘फिट’ असतो. सीमेपलीकडच्या गुजरातीत त्यालाच ‘वाई’ म्हणतात. या विकाराची मोजणी करताना नावांचा हा गोंधळ आधी निस्तरावा लागतो, कारण कोणत्या शब्दात विचारले त्यावर उत्तर ठरते.

एकदा झटका आला म्हणजे अपस्मार झाला, असे नाही. बाहेरचे काही तात्कालिक कारण नसताना, किमान २४ तासांच्या अंतराने दोन झटके आले, तर अपस्मार मानतात. एकच झटका आला, पण पुढे येण्याचा धोका बराच आहे असे तपासणीत दिसले, तरी निदान करता येते. लहान मुलाला कडक तापात आलेली आकडी, दारू एकदम बंद केल्यावर आलेली फिट, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आलेले झटके हे सारे या व्याख्येबाहेर राहतात. उलट, जमिनीवर न पडता होणारे झटकेही असतात. वर्गात मूल दहा-पंधरा सेकंद टक लावून बघत राहते आणि मास्तर ‘लक्ष कुठंय?’ म्हणून ओरडतात. एखाद्याचा एकच हात उडतो, एखादी बाई बोलता बोलता थांबून तोंड चावल्यासारखे करते. घरच्यांच्या लेखी ही फिट नसतेच.

किती जणांना?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांपैकी जवळपास ८० टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. भारतातील निरनिराळ्या पाहण्यांचा २०१५ साली घेतलेला आढावा दर हजारी ३.० ते ११.९ एवढे प्रमाण सांगतो. नव्याने विकार जडणाऱ्यांचे प्रमाण वर्षाला दर हजारी ०.२ ते ०.६ आहे. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४२.३० लाख, धुळ्याची २०.५१ लाख आणि नंदुरबारची १६.४८ लाख होती. तिन्ही मिळून सुमारे ७९.३ लाख. वरचे प्रमाण या लोकसंख्येला लावले, तर खानदेशातील रुग्णसंख्या २४ हजार ते ९४ हजार यांच्या दरम्यान कुठेतरी येते. हजारी पाच हा मधला आकडा धरला, तर सुमारे ४० हजार. ही नुसती त्रैराशिकाची मांडणी आहे, दारोदार जाऊन केलेली गणती नव्हे. तरी आवाका कळायला ती पुरते.

पाहण्यांमध्ये इतका फरक पडण्याची कारणे बरीचशी साधी आहेत. आयुष्यात कधी तरी अपस्मार झालेले सगळे मोजायचे, की गेल्या काही वर्षांत झटके आलेले किंवा गोळ्या चालू असलेले तेवढेच मोजायचे, इथूनच आकडा बदलतो. त्यापुढचा प्रश्न दाराशी येतो. आशाताई वही घेऊन उभी असते. ती विचारते, “तुमना घरमा कोनले फिट येस का?” आतून उत्तर येते, “नही ताई, आमना आठे तसं काही नही.” हे उत्तर देणाऱ्या सासूच्या मागे, चुलीपासून मुद्दाम लांब बसवलेली सून असू शकते. तिच्या पोटरीवर जुन्या भाजल्याचा डागही असू शकतो. ‘फिट’ म्हणून विचारले तर ‘नाही’ म्हणणारे घर, ‘कुणी अचानक पडतं का, तोंडाला फेस येतो का, नंतर काही आठवत नाही असं होतं का’ असे विचारले की बोलू लागते. सातपुड्यात तर प्रश्न भिली, पावरी किंवा मावचीत विचारावा लागतो, प्रमाण मराठीत छापलेला फॉर्म तिथे कामाचा नसतो. म्हणून एखाद्या तालुक्यात रुग्ण कमी सापडले, तर आधी प्रश्न कोणी आणि कसा विचारला ते पाहावे, आणि मगच तिथल्या हवापाण्याचे कौतुक करावे.

एक गोष्ट मात्र उलटी दिसते. आरोग्य केंद्रात गोळ्या नियमित मिळू लागल्या की त्या भागातील नोंदवहीतले रुग्ण वाढतात. रोग वाढलेला नसतो. लपवून ठेवलेली माणसे बाहेर येतात.

कारणे

बऱ्याच रुग्णांत कारण सापडत नाही. सापडते तेव्हा ते पुष्कळदा टाळता येण्याजोगे असते. सुमारे चतुर्थांश रुग्णांत हा विकार टळू शकला असता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. खानदेशापुरते बोलायचे, तर चार-पाच कारणांकडे लक्ष द्यावे लागते. बाळंतपणात अडून राहिल्याने बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडणे हे त्यांतले एक. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, तिथे याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मेंदूज्वर आणि मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया हे दुसरे. महामार्गावर हेल्मेटशिवाय झालेले अपघात तिसरे. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण जास्त आहे. या आजारात लहान वयातही मेंदूचा रक्तपुरवठा तुटून पक्षाघात होऊ शकतो आणि त्यामागून झटके सुरू होतात. म्हातारपणी येणाऱ्या पहिल्या झटक्यामागे बहुधा पक्षाघातच असतो.

सर्वांत जास्त गैरसमज मात्र मेंदूतल्या कृमींच्या गाठीबद्दल आहे. टीनिया सोलियम या पट्टकृमीची अंडी पोटात गेली, तर त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूत जाऊन बसतात. हा कृमी जिथे पसरलेला आहे, त्या भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांत तेच कारण असते. सीटी स्कॅनमध्ये छोटी वर्तुळाकार गाठ दिसते, डॉक्टर ‘डुकरातला किडा’ म्हणतात आणि समोरचा माळकरी शेतकरी चिडतो : आम्ही अंडंसुद्धा खात नाही, डुकराचं काय सांगता? त्याचे चिडणे रास्त आहे, कारण समजावणारा अर्धेच सांगतो. अर्धवट शिजलेले डुकराचे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात मोठा कृमी वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि मातीतून, पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून ती शुद्ध शाकाहाऱ्याच्याही ताटात येतात. भरताच्या पार्टीत वांगे काट्यांवर नीट भाजलेले असते, पण सोबतची कांद्याची पात, मुळा, कोथिंबीर कच्चीच असते आणि कुठल्या पाण्यात बुचकळून आणली ते कुणी विचारत नाही. (यावरून भरीत बदनाम करू नये. पात धुऊन घ्यावी.) गाठ विरली की काहींचे झटके कायमचे थांबतात. गाठीच्या जागी खडा राहिला, तर ते पुढेही येत राहू शकतात.

उपचारातील तूट

ज्यांना उपचारांची गरज आहे, त्यांपैकी किती जणांना तो मिळत नाही किंवा पुरेसा मिळत नाही, या टक्केवारीला उपचारातील तूट म्हणतात. गरीब देशांत ती सुमारे ७५ टक्के मानली जाते. भारतात मोठ्या शहरांत ती पाव हिश्श्याच्या आसपास सापडली आहे, तर काही ग्रामीण भागांत नव्वद टक्क्यांच्याही वर गेलेली आहे. योग्य औषधे नियमित घेतल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांचे झटके पूर्ण थांबू शकतात, हे लक्षात घेतले की ही तूट अधिकच खटकते. औषध नवे नाही आणि महागही नाही. फिनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून. साध्या औषधांचा खर्च वर्षाला ५ डॉलरइतका कमी असू शकतो. कार्बामाझेपीन, व्हॅलप्रोएट आणि अलीकडे लेव्हेटिरासेटाम ही औषधेही सरसकट लिहून दिली जातात.

मग अडते कुठे? पहिला टप्पा भगताचा. सातपुड्यात त्याला बडवाही म्हणतात. झटका येऊन गेल्यावर माणूस आपोआप शुद्धीवर येतो, हा या विकाराचा स्वभावच आहे, आणि त्याचे श्रेय त्या वेळी जे काही केले त्याला मिळते : उतरवलेल्या नारळाला, अंगाऱ्याला, हुंगवलेल्या चपलेला किंवा कांद्याला. भगत रात्री भेटतो आणि पेशंटच्या बोलीत बोलतो. या दोन्ही बाबतींत सरकारी दवाखाना त्याच्यापुढे लंगडा पडतो. त्यामुळे भगताला शिव्या देऊन रुग्ण दवाखान्यात येत नाहीत. ‘तुझं चालू दे, पण गोळी बंद करू नको’ एवढे भगताने म्हटले, तर पुष्कळ काम होते. डाम देणे, मारझोड, कोंडून ठेवणे हे प्रकार मात्र वेगळे. अंगात भूत आहे असे सांगून केलेली मारहाण व अघोरी उपाय हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

झटक्याच्या वेळी करायचे ते थोडेच असते. माणसाला कुशीवर वळवायचे, डोक्याखाली उपरणे किंवा टॉवेल ठेवायचा, गळ्याजवळचे बटण सैल करायचे आणि घड्याळ बघायचे. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचे नाही. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला, तर १०८ ला फोन.

दुसरा टप्पा अंतराचा. धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे. जळगावला ते २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये सुरू झाले. न्यूरोलॉजिस्ट मात्र शहरांतच एकवटलेले आहेत, आणि नवापूर-नंदुरबारकडची माणसे ताप्ती लाइनच्या गाडीने सुरत गाठतात. नर्मदेच्या काठच्या गावांना धरणाच्या फुगवट्यामुळे आधी बोटीने आणि मग जीपने यावे लागते. खरे तर बहुतेक रुग्णांना न्यूरोलॉजिस्टची गरज सुरुवातीला एकदा लागते, पुढचे प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर सांभाळू शकतो. निदानही मुख्यतः झटका पाहणाऱ्याच्या सांगण्यावरून होते. ईईजी (मेंदूतील विद्युत् क्रियेचा आलेख) नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही, असे म्हणता येत नाही. भावाने मोबाईलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पुष्कळदा हजारो रुपयांच्या तपासण्यांहून उपयोगी पडतो. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत झटक्यांचा विकार आहे, तेव्हा मुलांपुरता तरी एक रस्ता सरकारी यंत्रणेतूनच जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळीचा प्रश्न तिने सुटत नाही.

आणि अपस्मारात सगळा प्रश्न रोजच्या गोळीचाच असतो. गोळी सुरू न होण्यापेक्षा ती सुटण्यानेच खानदेशात जास्त नुकसान होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये. झटके थांबल्यावर किमान दोन वर्षे औषध चालू ठेवून, मग डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचे असते. एकदम बंद केले, तर पूर्वीपेक्षा जोरात आणि लागोपाठ झटके येऊ शकतात, त्यात जीवही जातो. केंद्रातून गोळ्या मिळतात पंधरा दिवसांच्या, फार तर महिन्याच्या. दिवाळी झाली की नंदुरबार, साक्री, शिरपूरकडची कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, ती होळीच्या सुमारास किंवा त्याच्याही नंतर परततात. तिकडच्या मेडिकलवाल्यापुढे रिकामी पट्टी धरली, तर कधी तीच गोळी मिळते, कधी ‘तसलीच’ दुसरी, कधी नुसतीच मान हलते. पट्टीचे टोक फाटून नावच गेलेले असेल, तर तेही नाही. फडावर झटका आला तर हातात कोयता असतो. निघण्याआधी परतेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या एकत्र देणे आणि औषधाचे नाव जाड अक्षरांत कार्डावर लिहून देणे, एवढ्याने यातले बरेच निभावते.

मुलींच्या बाबतीत गोळी लग्नात सुटते. सोयरीक जमवताना आजार लपवतात, मग सासरी गोळी घेणार कशी? ती कुठे मेथीच्या डब्यात, कुठे पेटीतल्या साडीच्या घडीत लपते. रोज एकटीने स्वयंपाकघरात शिरायला मिळत नाही, तेव्हा चुकतेच. पुढे अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली लेक झोक्यावर बसत नाही, एवढ्यावरून आईला काय ते कळते. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही विवाहाच्या आड येणारी बाब होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती काढली. आदिवासींना तो कायदा मुळात लागूच नाही, तिथे निवाडा जातपंचांच्या रूढीवर होतो. दुरुस्तीची बातमी अजूनही पुष्कळ वधूपित्यांपर्यंत पोहोचलेली नाही. दिवस राहिल्यावर ‘पोरावर परिणाम होईल’ म्हणून औषध पूर्ण बंद करणे ही आणखी एक मोठी चूक. व्हॅलप्रोएटने गर्भाला व्यंग येण्याचा धोका खरा आहे, म्हणून लग्नाच्या वयाच्या मुलींना शक्यतो ते देत नाहीत. पण त्याला उपाय औषध आधीच बदलून घेणे आणि फॉलिक ॲसिड सुरू करणे हा आहे. बहुतेक जणींची बाळंतपणे नीट होतात.

जागतिक आरोग्य सभेने मे २०२२ मध्ये मंजूर केलेल्या, २०३१ पर्यंतच्या कृती आराखड्यात ९०-८०-७० हे सूत्र आहे : ९० टक्के रुग्णांना आपला आजार उपचार करता येण्याजोगा मेंदूविकार आहे हे माहीत असावे, ८० टक्क्यांना परवडणारी व सुरक्षित औषधे मिळावीत आणि औषध घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांचे झटके आटोक्यात यावेत. वर धरलेल्या ४० हजारांना हे लावून पाहिले, तर ३६ हजारांना आजार कळतो, ३२ हजारांना गोळी मिळते आणि सुमारे २२ हजारांचे झटके आटोक्यात येतात.