कोरस: रॅकमधला आणि पायाखालचा

कोरस म्हणजे एकाच वाद्याचा किंवा गळ्याचा आवाज जोडीने वाजल्यासारखा भरदार करणारा इफेक्ट. तो रॅकचा (स्टुडिओच्या चौकटीत बसवायच्या यंत्राचा) चांगला की पेडलचा (पायाने दाबायच्या छोट्या डब्याचा), हा वाद बहुतेक वेळा आतल्या चिपवर आणि 'ॲनालॉग गोडव्या'वर घसरतो. माझ्या मते खरी मेख आहे ती हा ठोकळा सिग्नलच्या वाटेत नेमका कुठे बसतो, यात. त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

दोघं एकच ओळ गातात तेव्हा त्यांचे सूर आणि वेळ तंतोतंत जुळत नाहीत, आणि त्या किंचित फरकानेच आवाज भरदार होतो. 1966 मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत इंजिनिअर केन टाउनसेंड यांनी ही करामत टेपवर साधली. गायकाला पुन्हा गायला लावण्याऐवजी त्यांनी दुसऱ्या टेप मशीनचा वेग हलता ठेवून त्याच आवाजाला जोडीदार दिला. पण कार्यक्रमाला टेप मशीन कोण वाहून नेणार?

तो प्रश्न फिलिप्सच्या संशोधकांनी 1969 मध्ये मांडलेल्या 'बकेट ब्रिगेड' सर्किटने सोडवला. यात सिग्नल क्लॉकच्या, म्हणजे ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या सर्किटच्या, ठोक्यावर एका कपॅसिटरमधून पुढच्या कपॅसिटरमध्ये सरकत जातो. 1024 टप्प्यांच्या चिपला 100 किलोहर्ट्झचा क्लॉक दिला, तर सिग्नल सुमारे 5 मिलिसेकंद उशिरा बाहेर पडतो. 25 किलोहर्ट्झ दिला, तर सुमारे 20. क्लॉक सावकाश कमीजास्त करत राहिलं की हा उशीर लांबतो-आखडतो, सूर जरासा चढतो-उतरतो. हे मूळ आवाजात मिसळलं की झाला कोरस.

रोलँडने 1975 मध्ये हे तंत्र जेसी-120 या गिटार ॲम्प्लिफायरमध्ये (ॲम्पमध्ये) घातलं. एका स्पीकरमधून कोरा आवाज, दुसऱ्यातून हलता. दोन्हींची सरमिसळ खोलीतल्या हवेत. पुढच्याच वर्षी तेच सर्किट वेगळ्या डब्यात आलं, ते रोलँडच्याच बॉस या ब्रँडचं सीई-1. याला पेडल म्हणायचं ते पायाने दाबायचं म्हणून. एरवी तो जड, थेट विजेवर चालणारा, दोन आउटपुटांचा डबा होता. त्याच्या इनपुटचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विद्युत विरोध) कमी असल्याने साध्या गिटारचा आवाज काहीसा दबतो, पण कीबोर्ड त्यातून छान वाजतो.

1979 साली वाटा फुटल्या. बॉसचं सीई-2 म्हणजे 9 व्होल्टची बॅटरी, दोन नॉब आणि एकच आउटपुट. गिटार आणि ॲम्पच्या मधे ठेवायचं आणि विसरून जायचं. त्याच वर्षीचं रोलँडचं एसडीडी-320, म्हणजे डायमेन्शन डी, स्टुडिओच्या रॅकसाठी. त्यावर वेगाचा किंवा परिणाम किती खोल हवा याचा नॉबच नाही, फक्त चार बटणं. आत दोन डिले लाइन, म्हणजे सिग्नल उशिरा सोडणारी सर्किटं, एकमेकींच्या उलट दिशेने हलतात: एकीचा सूर चढतो तेव्हा दुसरीचा उतरतो. शिवाय प्रत्येकीचा थोडा अंश समोरच्या (डाव्या किंवा उजव्या) चॅनलमध्येही जातो. त्यामुळे नेहमीचं लाटांसारखं हेलकावणं जवळजवळ नाहीसं होतं आणि उरतो तो नुसता रुंदावा. गायनाच्या ट्रॅकवर हा लावला तर ऐकणाऱ्याला कोरस जाणवतही नाही; बंद केला की मात्र काहीतरी गेल्यासारखं वाटतं.

ऐंशीच्या दशकात रॅकला भाव आला तो लॉस एंजेलिसच्या सेशन गिटारवादकांमुळे, म्हणजे इतरांच्या रेकॉर्डिंगवर वाजवणाऱ्यांमुळे. स्टीव्ह ल्यूकॅथर, मायकेल लँडाऊ अशा वादकांसाठी बॉब ब्रॅडशॉ कपाटाएवढ्या यंत्रणा जुळवून देत. त्यातली मुख्य युक्ती अशी, की ॲम्पमधून डिस्टॉर्शनसकट (मुद्दाम फाटवलेल्या आवाजासकट) निघालेला सिग्नल लाइन लेव्हलला, म्हणजे स्टुडिओच्या यंत्रांच्या नेहमीच्या पातळीला, आणायचा आणि मग कोरसमध्ये सोडायचा. पेडलमध्ये सहसा उलटं होतं: कोरस आधी, आणि ते दोन हलते सूर मागाहून ॲम्पच्या डिस्टॉर्शनमध्ये भरडले जातात. दोन्ही आवाज वेगळे, आणि दुसरा वाईटच असतो असं नाही. निर्वानाच्या कर्ट कोबेनने स्मॉल क्लोनचा, म्हणजे एक नॉब आणि एक स्विच एवढ्याच पेडलचा, जो गढूळ आवाज काढला तो कुठल्याही महागड्या रॅकला हेवा वाटावा असा आहे.

बॉसने 1985 मध्ये डायमेन्शन सी, म्हणजे डीसी-2, काढलं. डायमेन्शन डीचीच कल्पना पायाखाली, तीच चार बटणं. तुलना करायची तर ही जोडी सगळ्यात रास्त. फरक राहतो तो आजूबाजूच्या गोष्टींचा. रॅकला स्टीरिओ इनपुट आहेत, डीसी-2 ला एकच. रॅकचा पॉवर सप्लाय मोठा, म्हणून लाइन लेव्हलचा जोरकस सिग्नलही तो स्वच्छ पेलतो. 9 व्होल्टवरच्या पेडलला कीबोर्ड किंवा मिक्सरचा तोच सिग्नल दिला, तर ते लवकर फाटू लागतं. उलट रॅक थेट गिटारला जोडला तर सिग्नल कमी पडतो आणि पार्श्वभूमीची सळसळ वर येते.

पुढे बॉसने डीसी-2डब्ल्यू काढलं तेव्हा एकाच पेडलमध्ये डायमेन्शन सी आणि डी असे दोन्ही मोड दिले आणि इनपुटही स्टीरिओ केले. ॲम्पला इफेक्ट्स लूप (डिस्टॉर्शननंतर सिग्नल बाहेर काढून परत आत घेण्याची सोय) असेल तर असं पेडल तिथे जोडता येतं, आणि पूर्वी ज्यासाठी रॅक लागायचा ती जागा त्याला मिळते. लूपची लेव्हल तेवढी आधी तपासावी, कारण काही ॲम्पचे लूप पेडलला झेपणार नाही इतका सिग्नल पाठवतात.