तोफेची पुंगळी घासायच्या आधी तिचं बूड वाचा

सोलापुरात एखाद्या जुन्या फौजी घरात कोपऱ्यात पितळेचा उंच डबा दिसतो, त्यात काठ्या नाहीतर छत्र्या खोचलेल्या असतात. तो डबा म्हणजे तोफेची रिकामी पुंगळी. गोळा उडून जातो, ज्यात दारू भरलेली होती ती पुंगळी मागे राहते. मधल्या मारुतीजवळून भांडी घासायची पावडर आणून तिला चकाचक करायच्या आधी प्लीज ती उलटी करून बघा.

पण त्याच्याही आधी एक. तोंडाशी टोकदार गोळा बसलेला असेल, किंवा बुडाच्या मधल्या प्रायमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीवर, तोफेची पिन आपटल्याचा खड्डा नसेल, तर हात न लावता लांब व्हायचं आणि ११२ ला फोन करायचा. शंभर वर्षं जुनी दारूसुद्धा पेट घेते.

रिकामीच आहे अशी खात्री असेल तर मग बूड वाचायला मजा येते. '१८ पीआर' लिहिलं असेल तर ती पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश १८ पौंडी तोफेची, तिच्या नळीचा व्यास ८३.८ मिलिमीटर. '२५ पीआर' असेल तर दुसऱ्या महायुद्धातली, ८७.६ मिलिमीटरची. शेजारचा रोमन आकडा म्हणजे मॉडेल. 'सीएफ' म्हणजे कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूचा फुल चार्ज, पूर्ण भरणा. एका टोकाला जुळणाऱ्या तीन रेघांचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण, खाली 'आय' असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. बाकी कारखान्याची अक्षरं, साल, लॉट नंबर म्हणजे एकत्र बनवलेल्या खेपेचा आकडा. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन पुंगळ्यांवर तर 'पोल्टे मागडेबुर्ग' असं कारखान्याचं आणि गावाचं नाव, महिना, साल सगळंच सापडतं.

एकाच बुडावर तेच शिक्के परत परत दिसले तर गोंधळू नका, पुंगळी पुन्हा भरून वापरायचे आणि दरवेळी नवा शिक्का मारायचे. हे जमतं पितळेमुळे, ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. बार उडाला की भिंत फुगून नळीला घट्ट चिकटते, गॅस मागे येत नाही, आणि लगेच थोडी आक्रसते म्हणून पुंगळी बाहेर ओढता येते. बूड जाड असतं, ते फारसं हलत नाही, म्हणून अक्षरं तिथंच.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट. पुंगळीवर उभ्या बारीक चिरा दिसतात का बघा. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली असायची आणि न वापरताच तडकायची, कुणाला कळेना का. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडा केला, घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा, आणि पितळ दाबून ओढून पुंगळी करताना धातूत अडकून राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ कणाकणाच्या सांध्यांवर फाटतं. उपाय म्हणजे बनवल्यावर हलकं तापवायचं, ताण निघून जातो.

म्हणून अमोनिया असलेलं पॉलिश जुन्या पुंगळीला अजिबात लावू नका, आणि चिंच-मिठाने घासघासून अक्षरं पुसट करू नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बुडावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, डोळ्याला न दिसणारा लॉट नंबरसुद्धा उठून येतो.