'एकहाती कारभार द्या' म्हणणाऱ्यांसाठी खुलासा

निवडणूक आली की दादरच्या कट्ट्यापासून विरार लोकलपर्यंत एक वाक्य फिरतंच: "अध्यक्षीय पद्धत आणा, एकाच्या हाती कारभार द्या, देश सुतासारखा सरळ होईल." लांब कशाला जायचं, श्रीलंका बघा.

तिथे १९७८ पासून कार्यकारी राष्ट्राध्यक्ष आहे, म्हणजे नामधारी नव्हे, खरा कारभार हाकणारा. २०१५ च्या १९ व्या घटनादुरुस्तीने त्याला वेसण घातली. म्हणूनच २०१८ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांनी मुदतीआधी संसद बरखास्त केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. २०२० च्या २० व्या दुरुस्तीने वेसण काढली. महत्त्वाच्या नेमणुका राष्ट्राध्यक्षाच्या हाती आल्या, संसदीय परिषद (पंतप्रधान, सभापती, विरोधी पक्षनेते वगैरेंची समिती) उरली फक्त मत कळवण्यापुरती.

मग २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षेंनी रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. शेतीतज्ज्ञ कानीकपाळी ओरडत होते, पण विचारतो कोण? भाताचं उत्पादन कोसळलं, नोव्हेंबरात बंदी गुंडाळली. परकीय गंगाजळी आधीच आटत होती, त्यात २०१९ ची करकपात भोवली. २०२२ मध्ये परकीय कर्ज थकलं, पेट्रोलला रांगा लागल्या आणि जुलैत साहेब देशाबाहेर पळाले. अधिकार कमी पडले म्हणून नव्हे बरं का, २०२० मध्ये संसदेत दोन तृतीयांश पाठिंबा होता!

त्याच ऑक्टोबरात २१ व्या दुरुस्तीने काही अधिकार पुन्हा छाटले.