संशोधन निधीसाठी कोण पात्र? व्याख्यांची पार्श्वभूमी

वैद्यकीय संशोधनाला सरकारी पैसा देण्याची रीत भारतात 1911 मध्ये ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’पासून सुरू झाली. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. 1948 मध्ये मराठवाडा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी या संस्थेची भारतीय वैद्यक संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर झाली. औरंगाबादचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं 1956 मध्ये. निधीची घडी बसल्यावर आपण मराठवाड्यातले लोक त्यात शिरलो, हे विसरून चालणार नाही.

पहिली व्याख्या ‘संशोधना’ची. उपचार आणि संशोधन यांतली सीमारेषा संशोधनाच्या नैतिकतेवरच्या 1979 च्या अमेरिकेतल्या बेलमाँट अहवालाने ठळक केली. एका रुग्णाच्या भल्यासाठी करतो तो उपचार. सर्वांना लागू पडेल असं ज्ञान मिळवण्यासाठी आखून करतो ते संशोधन. आयसीएमआरचं नैतिकतेविषयीचं पहिलं धोरण 1980 चं. 2019 च्या नवीन औषधं व क्लिनिकल ट्रायल नियमांनी ‘क्लिनिकल ट्रायल’ (नव्या औषधाची माणसांवरची चाचणी) आणि ‘जैववैद्यकीय व आरोग्य संशोधन’ या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, आणि दोन्हींसाठी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, नोंदणी आवश्यक ठरली.

मग येते आयसीएमआरचा निधी मागणारी ‘संस्था’. शासकीय महाविद्यालयाला इथे फारशी अडचण नाही. स्वयंसेवी संस्थेला मात्र केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची (डीएसआयआर) मान्यता दाखवावी लागते. प्रमुख संशोधक नियमित नोकरीत हवा, ही अटही आहे. पैशाचा हिशेब कुणाकडे मागायचा, हे ठरलेलं असावं म्हणून ती योग्यच. पण गावोगाव वर्षानुवर्षं रुग्ण तपासणारे कंत्राटी डॉक्टर तिच्यामुळे बाहेर राहतात, आणि त्यांनी पाहिलेले आजार प्रस्तावात येतच नाहीत. माझ्या मते मराठवाड्याचं खरं नुकसान इथे होतं.

अभ्यासात कुणाला मोजायचं, हाही व्याख्येचाच प्रश्न. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीत किमान वर्षभर त्या भागात राहिलेली व्यक्तीच ‘रहिवासी’ धरतात. धाराशिव आणि बीडची नोंदणी बार्शीच्या ग्रामीण नोंदणीशी जोडलेली आहे. बीडचा कोयता, म्हणजे ऊसतोड करणारं जोडपं, दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो, तो उन्हाळ्यातच परततो. अशा जोडप्यातल्या बाईच्या कर्करोगाचं निदान उसाच्या फडाजवळच्या दवाखान्यात झालं, तर तिची नोंद गावाकडे पोचण्याची सोय आधीच करावी लागते. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्थलांतरित हा असुरक्षित गट मानलेला आहे. म्हणून ऊसतोड कामगारांवरचा प्रस्ताव लिहिताना ‘रहिवासी’ची व्याख्या हंगाम धरूनच करावी, आणि त्या पाठपुराव्याचा खर्चही अंदाजपत्रकात मागावा.