झिप आणि आयएफएल: मेनफ्रेमवर एमक्यूचा भार नेमका कोण उचलतो?

मेनफ्रेमवर, म्हणजे बँकांसारख्या संस्थांच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, एमक्यू (प्रोग्रामांचे संदेश रांगेतून एकमेकांकडे पोहोचवणारे आयबीएमचे सॉफ्टवेअर) चालवणाऱ्या संस्थांत खर्चाची बैठक बसली की एक मागणी हमखास पुढे येते: संदेशांच्या रांगांसाठी वेगळा प्रोसेसर घ्या, म्हणजे दरमहाचे बिल उतरेल. केवळ एमक्यूसाठी घडवलेला असा प्रोसेसर आयबीएम विकत नाही. ज्यांच्याकडे बोट दाखवून ही मागणी केली जाते ते प्रोसेसर दोन आहेत, झिप (zIIP, ठरावीक कामांसाठीचा) आणि आयएफएल (IFL, लिनक्ससाठीचा). दोघांची नावे एका दमात घेतली जातात आणि दोघांनाही 'स्वस्त इंजिन' म्हटले जाते; त्यामुळे एकाकडून दुसऱ्याच्या कामाची अपेक्षा धरली जाते आणि पैसे खर्च होऊनही बिल होते तिथेच राहते. रत्नागिरी-कुडाळला बसून मुंबईतल्या बँकांची मेनफ्रेम सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांना हा गोंधळ मार्चअखेरीस अधिक जाणवतो, कारण वर्षअखेरची गर्दी आणि हापूसचे पैसे खात्यांत येण्याचे दिवस एकाच सुमारास सुरू होतात. (बँकेच्या एकूण उलाढालीत आंब्याचा वाटा किरकोळ असतो, हे खरे, पण खाते आपल्या गावच्या माणसाचे असले की तो किरकोळ वाटत नाही.)

गोंधळाला कारणही सबळ आहे, कारण सिलिकॉनच्या पातळीवर या दोघांत काडीचाही फरक नाही. मेनफ्रेममधील सगळी प्रोसेसर युनिटे एकाच घडणीची असतात. २०२२ साली आलेल्या झेड-१६ यंत्रात ग्राहकाला अशी जास्तीत जास्त २०० युनिटे घेता येतात, आणि कोणते युनिट सर्वसाधारण प्रोसेसर, कोणते झिप आणि कोणते आयएफएल, हे खरेदीच्या करारानुसार यंत्राच्या मायक्रोकोडमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या मूळ आज्ञावलीत, ठरवले जाते. सर्वसाधारण प्रोसेसर, ज्याला आम्ही नुसते सीपी म्हणतो, तो कमी क्षमतेवर बांधून कमी किमतीत घेता येतो. झिप आणि आयएफएल मात्र नेहमी पूर्ण वेगानेच धावतात. झेड-१३ पासून एका गाभ्यावर (कोअरवर) दोन धागे (थ्रेड) चालवण्याची सोय झाली, तीही या दोघांना मिळाली आणि सीपीला मिळाली नाही. शिवाय दोघांवर झालेले काम मेनफ्रेमची मुख्य ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या झेड-ओएसच्या एमएसयू मोजणीत, म्हणजे बिलासाठीच्या प्रोसेसर-वापराच्या मापात, धरले जात नाही. इतके साम्य असल्यावर माणसे दोघांना एकाच माळेचे मणी समजली, तर त्यात नवल नाही.

मोजणीचा मुद्दा थोडा उलगडायला हवा, कारण सगळी धडपड त्याच्यासाठीच चालते. झेड-ओएसवरील सॉफ्टवेअरचे मासिक शुल्क पारंपरिक पद्धतीत चार तासांच्या सरकत्या सरासरीवर ठरते. महिन्यात ही सरासरी सर्वांत उंच जिथे गेली, ते शिखर बिलाचा आधार बनते. म्हणजे एमक्यूचे काम सीपीवर किती वेळ चालले यापेक्षा ते शिखराच्या तासांत किती चालले, याला महत्त्व येते. २०१९ पासून आयबीएमने शिखरावर न बेतलेले करारही देऊ केले आहेत, परंतु तिथेही सीपीवरचा खर्च मोजलाच जातो.

आता फरकाकडे येऊ. आयएफएल २००० साली आला, मेनफ्रेमवर लिनक्स रुजावे म्हणून. झिप २००६ साली झेड-९ यंत्रांबरोबर आला. मध्ये २००४ साली जाव्हासाठी झॅप नावाचा तिसरा भाऊ आला होता. त्याचे काम पुढे झिपकडेच सोपवले गेले आणि २०१५ च्या झेड-१३ पासून झॅप मिळेनासा झाला. आयएफएल संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम उचलतो, तर झिप झेड-ओएसच्या आत राहून कामाचे ठरावीक तुकडे उचलतो. आयएफएलवर लिनक्स चालते, झेड-व्हीएम चालते, केव्हीएम चालते (शेवटची दोन एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे उभी करतात). झेड-ओएस त्यावर चालूच शकत नाही. उलट झिपवर स्वतंत्रपणे काहीच सुरू होत नाही. झेड-ओएसचा डिस्पॅचर, म्हणजे प्रोसेसरांना कामे वाटणारा भाग, प्रत्येक कामाकडे पाहतो, ते पात्र असेल तर झिपकडे वळवतो, नसेल तर सीपीवर ठेवतो.

पात्रता कशावर ठरते? झेड-ओएसमधील काम मुख्यतः दोन रूपांत चालते, टीसीबीखालचे टास्क (प्रोग्रामचे नेहमीचे काम) आणि एसआरबी (सिस्टिमकडे सोपवलेले हलके, सुटे काम). त्यांपैकी एन्क्लेव्हमध्ये, म्हणजे एकत्र मोजल्या जाणाऱ्या कामांच्या गटात, चालणारे आणि आयबीएमने मान्यता दिलेले एसआरबी झिपवर जाऊ शकतात. डीबी-टू या डेटाबेसकडे नेटवर्कवरून डीआरडीए पद्धतीने येणाऱ्या विनंत्यांचा मोठा भाग असा असतो, म्हणून डीबी-टूवाल्यांना झिप आल्याचा आनंद झाला. जाव्हाचे काम आणि एक्सएमएल पार्सिंगही पात्र आहे. एमक्यूचा मूळ संच मात्र बव्हंशी टीसीबीवर उभा आहे, आणि इथेच अपेक्षेचा फुगा फुटतो.

एका संदेशाचा प्रवास बारकाईने पाहू. वाशीच्या बाजारातल्या व्यापाऱ्याने देवगडच्या बागायतदाराच्या खात्यावर पैसे पाठवले आणि त्याचा संदेश बँकेच्या लिनक्स सर्व्हरवरून चॅनेलने (एमक्यूच्या दोन टोकांमधल्या जोडणीने) मेनफ्रेमकडे निघाला, असे धरू. तो प्रथम चॅनेल इनिशिएटरच्या, म्हणजे चॅनेल सांभाळणाऱ्या भागाच्या, अॅड्रेस स्पेसमध्ये (स्मृतीतल्या राखीव जागेत), आमच्या बोलीत 'चिन'मध्ये येतो. तिथला, चिनचा स्वतःचा डिस्पॅचर टास्क (झेड-ओएसचा डिस्पॅचर नव्हे) तो उचलतो आणि अॅडॅप्टर टास्क क्यू मॅनेजरला (रांगा सांभाळणाऱ्या एमक्यूच्या मुख्य भागाला) एमक्यूपुट करतो, म्हणजे संदेश रांगेत ठेवायला सांगतो. संदेश बफर पूलमध्ये (स्मृतीत) ठेवला जातो, परसिस्टंट (यंत्रणा बंद पडली तरी टिकणारा) असल्याने त्याची नोंद अॅक्टिव्ह लॉगमध्ये होते, आणि कमिटच्या, म्हणजे बदल पक्का करण्याच्या, वेळी ती नोंद डिस्कवर पोहोचल्याखेरीज गाडी पुढे सरकत नाही. मग संदेश आल्याची दखल घेणारा ट्रिगर मॉनिटर सीआयसीएस या व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीत ट्रान्झॅक्शन सुरू करतो, कोबोल भाषेतला प्रोग्राम एमक्यूगेट करतो (संदेश रांगेतून उचलतो), डीबी-टूमधील शिल्लक बदलतो आणि दोन्हींचे कमिट एकत्र होते. एमक्यूगेटसाठी क्यू मॅनेजरच्या आत खर्च झालेला वेळही मुख्यतः हाक मारणाऱ्या टास्कच्या नावावर, म्हणजे सीआयसीएसच्या खात्यात पडतो. या सबंध वाटेवर एमक्यूचा झिपला देता येईल असा टप्पा जवळपास नाही. तुम्ही आणखी चार झिप घेतले तरी या संदेशाचा सीपीवरचा खर्च तसाच राहील.

प्रोग्राम कोबोलऐवजी जाव्हात असेल, तर चित्र अर्धे बदलते. जाव्हाचा भाग झिपवर जातो, पण जेएमएसच्या (जाव्हातून संदेश देण्या-घेण्याच्या प्रमाण पद्धतीच्या) हाकेखाली मूळ एमक्यूचा कोड सुरू झाला की काम पुन्हा सीपीवर येते आणि हाक संपली की परत झिपकडे जाते. झिपचा खरा लाभ एमक्यूच्या शेजाऱ्यांना होतो: एमक्यूचा वेब सर्व्हर, ज्यावरून कन्सोल आणि रेस्ट (REST, वेबवरून हाक मारता येणाऱ्या) सेवा चालतात, आणि फाइल ट्रान्सफरचे एजंट हे दोन्ही जाव्हावर उभे आहेत. रात्री मोठ्या फाइली हलवणाऱ्या संस्थेला ही बचत क्षुल्लक नाही.

अपात्र काम युक्तीने झिपवर ढकलता येईल का, हा प्रश्न एकदा थेट न्यायालयापर्यंत गेला होता. निऑन नावाच्या कंपनीने २००९ साली झेडप्राइम हे सॉफ्टवेअर आणले, ज्याने नेहमीचे काम झिपवर आणि झॅपवर वळवता येत असे. आयबीएमशी खटला जुंपला आणि २०११ साली तडजोड होऊन झेडप्राइम बाजारातून गेले. पात्रतेची रेषा तंत्राइतकीच कराराची आहे, हे त्या प्रकरणाने सर्वांना कळले. माझ्या मते झिपचे गणित मांडताना अभियंत्याच्या शेजारी करार वाचणारा माणूस बसवावा.

आयएफएलचा व्यवहार वेगळा आहे. कोकण रेल्वेच्या रो-रो सेवेत कोलाडला संपूर्ण ट्रक वाघिणीवर चढतो, त्यातल्या गोण्या कोणी निवडत बसत नाही. तसा आयएफएलवर संपूर्ण क्यू मॅनेजर चढतो, त्याच्या चॅनेलांसह, लॉगसह आणि सुरक्षेसह. टीसीबी की एसआरबी, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. त्यामुळे 'एमक्यू सीपीवरून हलवा' या मागणीचे शब्दशः उत्तर आयएफएल हेच ठरते. परंतु तो क्यू मॅनेजर मग झेड-ओएसचा राहत नाही, तो लिनक्सचा होतो, आणि त्याचा परवाना एमएसयूवर न ठरता गाभ्यांच्या हिशेबाने घ्यावा लागतो. आयएफएलवरचे एमक्यू फुकट पडते, असा समज मी अनुभवी लोकांतही पाहिला आहे. तो त्यांच्या अंदाजपत्रकात एक मोठे भोक पाडतो.

याहून अवघड अडचण पुढे आहे. झेड-ओएसवरचा कोबोल प्रोग्राम, सीआयसीएसमधला असो की बॅचमधला, दूरच्या क्यू मॅनेजरला क्लायंट म्हणून जोडता येत नाही. त्याला त्याच झेड-ओएसवर स्थानिक क्यू मॅनेजर लागतोच. म्हणून बागायतदाराच्या खात्याचे ट्रान्झॅक्शन सीआयसीएसमध्ये राहणार असेल, तर आयएफएलवर एमक्यू नेऊनही झेड-ओएसवरचा क्यू मॅनेजर बंद करता येत नाही, आणि दोघांमध्ये चॅनेल टाकावे लागते. हे चॅनेल हायपरसॉकेटवरून, यंत्राच्या स्मृतीतून धावते, त्यामुळे जलद असते. तरी झेड-ओएसच्या बाजूला चिनचा खर्च आलाच.

मग आयएफएल घ्यायचाच नाही का? घ्यावा, पण योग्य जागी. शाखांतून, एटीएममधून, मोबाइल बँकिंगच्या सर्व्हरांवरून हजारो क्लायंट जोडण्या थेट झेड-ओएसच्या चिनवर येत असतील, तर जोडणी उघडणे, बंद करणे आणि टीएलएसची सलामी (सुरक्षित जोडणीपूर्वीची देवाणघेवाण) यांतच बराच सीपी जळतो. या जोडण्या आयएफएलवरच्या क्यू मॅनेजरने झेलाव्यात आणि त्याने मोजक्या, कायम उघड्या चॅनेलांतून संदेश आत द्यावेत, ही रचना मला सर्वांत समंजस वाटते. ज्या संदेशांचे उगम आणि शेवट दोन्ही झेड-ओएसबाहेर आहेत, त्यांना तर आत येण्याचे कारणच नाही.

आयएफएलवर नेताना एक गोष्ट मात्र गमवावी लागते. झेड-ओएसवरचे अनेक क्यू मॅनेजर एका गटात बांधून त्यांच्या सामायिक रांगा कपलिंग फॅसिलिटीत, म्हणजे अनेक झेड-ओएसना वापरता येणाऱ्या सामायिक स्मृतीत, ठेवता येतात; एक क्यू मॅनेजर पडला तरी रांगेतला संदेश दुसरा उचलतो. लिनक्सवरच्या क्यू मॅनेजरला या गटात प्रवेश नाही. गंमत अशी की या सामायिक रांगा ज्या प्रोसेसरवर जगतात तो आयसीएफ, म्हणजे कपलिंग फॅसिलिटीसाठी राखलेला तिसराच खास प्रोसेसर, आणि संदेशांच्या रांगांसाठी वेगळा प्रोसेसर या कल्पनेच्या सर्वांत जवळ तोच येतो. ६३ किलोबाइटपेक्षा मोठे संदेश तिथे मावत नाहीत. ते डीबी-टूमध्ये किंवा सामायिक डेटासेटमध्ये ठेवले जातात.

झिप आणि आयएफएल यांच्यातली स्वच्छ रेषा २०१९ साली जराशी पुसली गेली. झेड-ओएस २.४ मध्ये लिनक्सची कंटेनरे (प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे एकत्र बांधलेली पाकिटे) झेड-ओएसच्याच अॅड्रेस स्पेसमध्ये चालवण्याची सोय आली, आणि त्या अॅड्रेस स्पेसचे बहुतेक काम झिपला पात्र ठरले. त्यामुळे लिनक्सचा क्यू मॅनेजर आयएफएल न घेता झिपवर चालवणे शक्य झाले. कुडाळचा एक सहकारी हे ऐकून म्हणाला, 'मग दादा, एवढा घोळ कशाला? सगळे तिथेच टाकू.' त्याला सांगावे लागले की तोही लिनक्सचाच क्यू मॅनेजर आहे: कोबोलला तो स्थानिक ठरत नाही, सामायिक रांगांत तो येत नाही, आणि परवाना त्यालाही लिनक्सचाच लागतो.

झिप घेण्याआधी अंदाज बांधता येतो आणि तो बांधावाच. झेड-ओएसच्या आयईएओपीटी सदस्यात (सिस्टिमच्या मांडणीच्या फाइलीत) प्रोजेक्टसीपीयू हा पर्याय चालू केला, की एकही झिप नसताना किती काम पात्र आहे ते आरएमएफ या मोजमापाच्या साधनाच्या अहवालात दिसू लागते. वर्कलोडच्या पानावर 'आयआयपी' आणि 'आयआयपीसीपी' अशी दोन मापे शेजारी छापलेली असतात: पहिले झिपवर खरोखर झालेले काम, दुसरे पात्र असूनही सीपीवर गेलेले. झिप बसवल्यावरही दुसरा आकडा शिखराच्या तासांत फुगत असेल, तर झिप अपुरे पडत आहेत आणि डिस्पॅचर सीपीला मदतीला बोलावत आहे, असे समजावे. चिनच्या सर्व्हिस क्लाससमोर (कामाच्या वर्गासमोर) दोन्ही आकडे शून्याच्या आसपास असतील, तर झिपवर पैसे घालू नयेत. तिथे एसएमएफच्या (झेड-ओएसच्या वापर-नोंदवहीच्या) ११५ आणि ११६ क्रमांकांच्या नोंदी काढून कोणते चॅनेल किती जोडण्या उघडते, याचा माग घ्यावा, आणि आयएफएलची फाइल त्यानंतर वर पाठवावी.